साबिडियसच्या नावाचं पाणी

१

अव्हेंटाइन टेकडीवरच्या त्या गल्लीत दिवस उजाडायचा तो घागरींच्या खडखडाटाने. नाक्यावर दगडी हौद, हौदाच्या डोक्यावर बैलाचं दगडी तोंड आणि त्या तोंडातून पाणी. निदान तशी पद्धत होती. गेल्या द्राक्षतोडणीपासून मात्र बैलाच्या तोंडातून सुतळीएवढी धार पडत होती. तिच्याखाली एक घागर भरेपर्यंत रांगेतल्या बायका एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळ्या व्हायच्या.

हौदासमोरच ट्रेबियाची खाणावळ होती. दगडी ओट्यात बसवलेली मडकी, एकात उकडलेले हरभरे, एकात लापशी, एकात कोमट वाईन. ट्रेबिया एकेकाळी दासी होती, आता स्वतःची मालकीण होती. नवरा वारला होता आणि तोंड चालवल्याशिवाय दुकान चालत नाही हे ती फार पूर्वी शिकली होती. पण हल्ली तिचा संताप व्हायचा तो दुकानापायी नव्हे. खाणावळीच्या वर, पार छपराखालच्या खोलीत तिची लेक लीडे राहत होती. जावई खेचरं हाकत महिनोन्‌महिने बाहेर असायचा आणि लीडेचे दिवस भरत आले होते.

लीडेच्या मागच्या खेपेलाही हौद असाच रोडावला होता. पोर टेकडीच्या पायथ्याच्या हौदावरून पाणी आणत होती. जिन्यात पाय घसरला, घागर फुटली आणि पोटातलं गेलं. तो जिना ट्रेबियाने स्वतःच्या हाताने धुतला होता. धुवायलाही पाणी पुरलं नव्हतं.

आणि हे सगळं कुणामुळे, तर भिंतीपलीकडच्या साबिडियसमुळे. डोंगरातलं पाणी कमानींवरून कोस न् कोस चालत रोममध्ये येतं, तोवर ते सगळ्यांचं असतं. शहरात शिरलं की माणसं ओळखायला लागतं. टेकडीच्या माथ्यावरच्या टाकीतून अख्ख्या गल्लीच्या हौदाला एक नळ होता, आतून चुन्याने बुजत आलेला. त्याच टाकीतून साबिडियसच्या एकट्याच्या घराला मनगटाएवढा शिशाचा नळ होता. हौदाच्या अंगावरून, बायकांच्या डोळ्यांदेखत, तो त्याच्या भिंतीत शिरायचा. आत दिवसभर पाणी पडत राहायचं आणि वापराविना गटारात जायचं.

म्हातारा होताही तसाच. मेण्यातून निघाला की हौदापाशी मेणा थांबवायचा. घरून आणलेलं पाणी पेल्यात ओतून घ्यायचा. आणखी हवं असेल तर तोंडाने सांगायचा नाही, अंगठीने दोनदा टकटक करायचा. पोटभर पिऊन झालं की उरलेलं रस्त्यावर ओतून पेला पालथा करायचा, रांगेतल्या बायकांकडे बघत. लीडे लहान असताना एकदा तिने ओंजळ पुढे केली होती. म्हाताऱ्याने तिच्या ओंजळीकडे नीट बघितलं आणि मग पेला पालथा केला. ट्रेबिया ते कधीच विसरली नव्हती.

द्राक्षतोडणीपासून मेणा बाहेर पडला नव्हता. भिंतीपलीकडचा त्याचा खोकलाही बंद झाला होता. पण दारावर सरूची फांदी लागली नाही, प्रेत निघालं नाही, रडायला भाड्याच्या बायका आल्या नाहीत. पाणी तेवढं अखंड पडत होतं. मधूनच त्याचा आवाज जरा बारीक होई, लगेच दगडावर टकटक होई, कुणीतरी धावत जाई आणि पाणी पुन्हा जोरात पडू लागे.

"मेलाय तो," हरभरे निवडता निवडता ट्रेबिया लेकीला म्हणाली. "मेलाय आणि घरच्यांनी दाबून ठेवलंय."

लीडेने पोटावर हात ठेवला. "मग टकटक कोण करतं गं आई?"

"चाकर करत असतील. आपल्याला ऐकू यावं म्हणून."

२

दाबून ठेवायला कारण होतं. रोममध्ये बापाचं घर मुलाला मिळतं, शेत मिळतं, कर्ज तर न मागता मिळतं, पण पाणी मिळत नाही. पाणी माणसाच्या नावावर असतं. नळ ओततानाच शिशावर त्याचं नाव उठवतात. माणूस गेला की टाकीतली तोटी उपटायची, नळ तोडायचा आणि शिसं नावासकट वितळवून टाकायचं, अशी रीत. नवं पाणी ज्याला हवं त्याने सम्राटांच्या दारात नव्याने हात पसरायचे.

ट्रेबिया टेकडी चढून टाकीवर गेली. तिथला एपाफ्रा पाणीखात्याचा गुलाम होता. टाकीच्या भिंतीतल्या काशाच्या तोट्या साफ ठेवणं, कुणाची कमी कुणाची जास्त हे बघणं हे त्याचं काम. हे लोक चिरीमिरी घेऊन मेलेल्यांच्या तोट्या तशाच चालू ठेवतात हे सगळ्या रोमला ठाऊक होतं.

तिने आल्या आल्या विचारलं, "साबिडियसची तोटी अजून का चालू आहे रे?"

"म्हातारबुवा आहेत म्हणून."

"बघितलास तू?"

"खात्याने पाठवलं होतं. आत जाऊन आलो."

"काय करत होता?"

एपाफ्राने फडकं पिळलं, परत पिळलं. "पाणी मागत होते," तो म्हणाला.

ट्रेबियाच्या अंगाची लाही लाही झाली. किती खाल्लेस, असं तिने सरळ विचारलं. एपाफ्रा चिडला नाही, आणि तेच तिला खटकलं. कोपऱ्यातल्या खुंटीवरची चामडी पखाल काढून तो घटाघटा प्यायला. वास नदीच्या गाळाचा होता. टाकीतलं थंडगार, डोंगरातलं पाणी हाताच्या अंतरावर आणि हा पठ्ठ्या टायबरचा गाळ पितोय.

"सगळ्या टेकडीला पाजतोस आणि स्वतः असलं पितोस?"

"सवय झाली," एपाफ्रा म्हणाला. मग खाली बघत पुढे म्हणाला, "ट्रेबिया, तुझ्या लेकीपुरतं पाणी मी रोज वर आणून देतो. तेवढ्यावर गप्प बस."

"मला तुझी भीक नको. गल्लीचं पाणी गल्लीला पाहिजे."

टेकडी उतरताना तिला वाटलं, इतका घाबरलाय म्हणजे चांगलंच घबाड मिळालेलं असणार. दुसरं काही तिच्या मनात आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी ती लापशीचं भांडं घेऊन साबिडियसच्या दारात उभी राहिली. आजारी माणसाची चौकशी करायला आलेल्या शेजारणीला कोण हाकलणार? दार कारभारी फिलेरॉसने स्वतःच उघडलं. दारावरचा चाकर नव्हता. आतही चार-दोन सोडले तर चाकर दिसले नाहीत. एकेकाळी या फिलेरॉसची काय ऐट होती. आता त्याच्या हातांची कातडी फुगून पांढरी पडली होती आणि बोटांना भेगा होत्या.

"मालक विश्रांती घेताहेत, बाई," तो म्हणाला.

"मग मी लांबूनच बघेन."

तो आडवा येईल असं तिला वाटलं होतं. तो बाजूला झाला.

पहिल्या चौकात पूर्वजांच्या मेणाच्या मुखवट्यांचं कपाट होतं, दारं बंद केलेलं. जमीन ओली होती. चित्रांच्या फरशीवर पांढरा थर चढला होता, ट्रेबियाच्या पाणी तापवायच्या हंड्याला आतून चढतो तसा. खांबांनाही तोच थर, बाकांनाही. आणि घरभर पाण्याचा आवाज. बाहेरून तो रागाने ऐकायचा आवाज होता. आत त्या आवाजापुढे स्वतःची पावलं ऐकू येत नव्हती, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

बागेच्या कडेला खोली होती. खोलीत संगमरवरी कुंड, भिंतीतून आलेला नळ आणि नळाखाली पाठमोरा बसलेला कुणीतरी. पाणी थेट त्याच्या डोक्यावर पडत होतं. डोकं, मान, खांदे, सगळं पांढरं आणि खरबरीत. नळ फोडला की आत दिसतो तसला चुना. पुतळा, ट्रेबियाने मनात म्हटलं. पुतळा बसवलाय आणि त्याला कपाटातला एखादा मुखवटा लावलाय. खात्याचा माणूस दारातून बघून जात असेल. केवढी ही हिंमत!

पुतळ्याचा हात कुंडाच्या काठावर होता. बोटात अंगठी होती.

तेवढ्यात टाकीकडून पाणी जरा कमी झालं असावं, कारण धार बारीक झाली. टक टक. फिलेरॉस पळत गेला आणि नळाच्या तोंडातला चुना बोटांनी खरवडून काढायला लागला. धार मोठी झाली. ट्रेबियाने त्याच्या दोन्ही हातांकडे बघितलं. दोन्ही हात नळात होते. म्हणजे दुसरा कुणीतरी चाकर पडद्याआड बसवलेला असणार, तिने ठरवलं. पडदा कुठे आहे ते मात्र तिने शोधलं नाही. भांडं तिथेच ठेवून ती मागे न बघता चौकात परत आली.

फिलेरॉस मागोमाग आला. "ट्रेबियाबाई, पाणी तोडायला लावू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही लपवत नाही आहोत. आम्ही सांभाळतोय."

"माझ्या लेकीचं मूल गेलं तेव्हा कोण सांभाळायला आलं होतं?"

"पाणी थांबलं की ते उठतात," तो एवढंच म्हणाला.

४

मग ट्रेबियाने गल्ली पेटवली. खाणावळीत येणाऱ्या प्रत्येकाला हरभऱ्यांबरोबर तिने पुतळ्याची गोष्ट वाढली. आपली लेकरं नदीचं पाणी पिऊन हगवणीने मरताहेत आणि इथे दगडाला आंघोळ घालताहेत, हे ऐकून कुणाचं डोकं फिरणार नाही? धोबीण आली, लोहार आला, शेवटी गल्लीचा मुखियाही आला, कारण न येऊन तो जातो कुठे. सगळे मिळून टाकीवर गेले आणि एपाफ्राला करवत, हातोडा आणि मोळीभर लाकडांसकट खाली घेऊन आले.

फिलेरॉस दारात उभा होता. त्याने भांडण केलं नाही, कुणी आत जाऊ नका असंही म्हटलं नाही. "तोडा," तो म्हणाला. "पण शिसं आजच्या आज वितळवा."

एपाफ्राने हौदाशेजारीच नळ कापला. कापल्यावर लोकांनी टाळ्या पिटल्या. मग हौदाच्या जुन्या नळात त्याने सळई घातली, तर ती वीतभरही आत जाईना. चुन्याने पार बुजला होता. नवा नळ ओतायचा तर खात्याचं शिसं, खात्याचा हुकूम, म्हणजे लीडेचं मूल चालायला लागेपर्यंत वाट बघा. साबिडियसची तोटी टाकीत अजून तशीच होती आणि तिच्यातलं थंडगार, भरघोस पाणी कापलेल्या नळातून रस्त्यावर वाहून जात होतं.

ट्रेबियाला ते बघवेना. "हाच नळ वळव की बैलाच्या तोंडात."

एपाफ्राने मान हलवली. "यावर नाव आहे त्यांचं. आधी वितळवावं लागतं, मग नवा ओतायचा. रीत आहे."

"किती दिवस लागतील?"

"लागतील."

"तिचे दिवस भरलेत," ट्रेबिया ओरडली आणि वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. लीडे खिडकीत उभी होती. "मेलेल्याच्या नावासाठी तिने आणखी घागरी वाहायच्या? शिशाला काय कळतंय नाव!"

सगळी गल्ली तिच्या बाजूने होती. एपाफ्राने फिलेरॉसकडे बघितलं, फिलेरॉस आत निघून गेला होता. शेवटी एपाफ्राने नळ वाकवला, बैलाच्या मागे जोडला आणि सांधा शिशाने बुजवला. साबिडियसचं नाव सगळ्यांना दिसेल असं वरच्या बाजूला राहिलं. बैलाच्या तोंडातून मनगटाएवढी धार हौदात कोसळली आणि बायका अंगावर पाणी उडवून घेत लहान मुलींसारख्या हसायला लागल्या.

त्या गडबडीत साबिडियसच्या घरातली माणसं बोचकी घेऊन बाहेर पडली. सगळ्यात शेवटी फिलेरॉस. जाताना त्याने दार लावलं नाही.

५

चार दिवस ट्रेबिया राणीसारखी वावरली. लोक तिला वाकून नमस्कार करत, वाईनचे पैसे घासाघीस न करता देत. लीडे खाली येऊन हौदाच्या काठावर बसायची आणि पोटभर पाणी प्यायची.

एका सकाळी ट्रेबियाला ओट्यावरचा एक पेला कमी दिसला. तो हौदाच्या काठावर पालथा पडला होता आणि त्याच्याभोवतीचा रस्ता ओला होता. पोराटोरांनी नेला असेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग संध्याकाळी तिने पेले आत कडी लावून ठेवले, तरीही तिसऱ्या सकाळी तेच.

मग लोहाराचं खेचर हौदापाशी चारी पाय रोवून उभं राहिलं आणि काही केल्या पाण्याला तोंड लावेना. मग धोबिणीने येणं बंद केलं. पायथ्याच्या हौदावर जाते म्हणाली, तिथल्या पाण्याने कपडे पांढरे निघतात. एकेक करत सगळ्याच बायका कमी झाल्या. कुणी कारण सांगेना. वाकलं की पाठीवर कुणाची तरी नजर जाणवते, असं एकजण कुजबुजली. ट्रेबियाचा तिळपापड झाला. एवढ्या भांडणाने आणलेलं पाणी, आणि या बया त्याला नाकं मुरडताहेत? कृतघ्न मेल्या, तिने सगळ्यांना ऐकवलं.

हौदाचा काठ पांढरा पडत चालला होता. इतक्या लवकर चुना धरत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण भरपूर पाणी म्हणजे भरपूर चुना, असा हिशेब तिने मांडला.

साबिडियसचं दार उघडंच होतं. एका दुपारी मनाचा हिय्या करून ती आत गेली. तिला त्या पुतळ्याचा एकदाचा निकाल लावायचा होता. कुंड कोरडं होतं. कुंडात कुणी नव्हतं. कुंडापासून दारापर्यंत फरशीवर चुन्याचे पांढरे ठसे वाळले होते, अनवाणी पायांचे, एकाच दिशेने गेलेले. पुतळा फिलेरॉसने नेला असेल, ठसे त्याचे असतील, ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. मग चौकात थांबून तिने मुखवट्यांचं कपाट उघडलं. सगळे मुखवटे होते. एकही खुंटी रिकामी नव्हती.

संध्याकाळी लीडे म्हणाली, "आई, हौदावर माझ्याआधी कुणी बसलेलं असतं का गं? मी ओंजळ पुढे केली की पलीकडून टकटक होतं."

"धार दगडावर पडते, तिचा आवाज."

"आता सारखी तहान लागते मला," लीडे म्हणाली. "कितीही प्यायले तरी."

६

लीडेला कळा लागल्या त्या भर दुपारी. दाई आली, ट्रेबिया हौदावरून पाणी वाहून थकली आणि ऊन कलायच्या आत वर मूल रडलं. मुलगी होती, धडधाकट, काळ्याभोर जावळाची. दाईने तिला परातीत आंघोळ घातली, लीडेच्या कुशीत दिलं आणि वार पुरायला परसात गेली. ट्रेबिया आनंदाने रडली. मग रिकामी झालेली दुसरी घागर भरायला म्हणून खाली आली.

तिच्या ओट्यावरचे सगळे पेले हौदाच्या काठावर पालथे घातलेले होते. एका ओळीत, नीट.

तिचं डोकं सणकलं. भीती वाटायला हवी होती, पण इतक्या दिवसांच्या रागाला भीतीसाठी जागाच नव्हती. माझ्या लेकीने ओंजळ केली होती थेरड्या, आणि तू तिच्यासमोर पाणी ओतलंस. आता माझ्या नातीलाही तेच दाखवणार? लोहाराच्या दुकानातून हातोडा उचलून ती बैलाच्या मागे गेली. नाव ठेचून काढायचं, बस. एपाफ्रानेच ठेचायला हवं होतं. आपणच ठेचू दिलं नाही, ही टोचणी तिने दात खाऊन गिळली. तिने सगळी ताकद लावून घाव घातला.

शिसं मऊ असतं. अक्षरं राहिली बाजूलाच, अख्खा नळ चपटा झाला आणि पाणी थांबलं.

गल्लीत ती शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. हौदातलं पाणी डुचमळलं. मग जड ओलं अंग पाण्याबाहेर काढताना होतो तसा आवाज आला. बैलाच्या डोक्यामागे ओणवी झालेल्या ट्रेबियाला काठ तेवढा दिसत होता. काठावर हात टेकला होता, पांढरा, चुन्याच्या पापुद्र्यांचा. बोटात अंगठी होती. हाताने भार घेतला आणि तो दिसेनासा झाला.

ओली पावलं तिच्या पाठीमागून गेली, घाई न करता. ती साबिडियसच्या दाराकडे गेली नाहीत. खाणावळीशेजारच्या जिन्यात शिरली.

वर लीडेच्या खोलीत भरलेली घागर होती. परात होती. या गल्लीत आता हौदाबाहेर पाणी तेवढंच होतं.

धावत जाऊन ती काय करणार होती, त्याचा हात धरणार होती? पहिल्या मजल्यावर पावलं वाजली, मग त्याच्या वर. तिने हातोडा उलटा धरला आणि चपट्या नळाच्या कडांवर मारायला सुरुवात केली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. शिसं फुगेना. वर पावलं थांबली. टक टक. तिने दोन्ही हातांनी नळ पिळला, नखं तुटली, पुन्हा मारलं. कुठेतरी शिशाला चीर गेली, नळ किंचित उघडला, आणि बैलाने आधी ओकल्यासारखा आवाज केला, मग पाणी आलं.

"घे," ती म्हणाली. "घे, घे, पी तुझं पाणी."

जिन्यात बराच वेळ काही वाजलं नाही. मग पावलं उतरायला लागली. ती मागे वळली नाही. समोर शिशावर त्याचं नाव होतं, एकाही अक्षराला खरचटलं नव्हतं, आणि ते वाचत ती तशीच ओणवी राहिली. हौदात जड काहीतरी बसलं. धार बारीक होती. टक टक. ट्रेबिया उठली, तिने चिरेत अडकलेला चुना बोटांनी काढला, काठावरचा एक पेला सरळ केला, भरला आणि न बघता पुढे ठेवला.

वर गेली तेव्हा लीडे डोळे मिटून पडली होती, मूल कुशीत होतं आणि दूध पीत होतं.

"आई, दार कशाला वाजवलंस?" लीडेने डोळे न उघडता विचारलं. "उघडंच तर होतं."

आंघोळीची परात पलंगाला लागून पालथी पडली होती. घागरही. लाकडी जमीन भिजली होती, आणि ती ओल बाळाच्या दुपट्याच्या टोकापर्यंत आली होती.

७

बैलाच्या हौदाला आता भरपूर पाणी असतं. दिवसभर धो धो पडतं आणि काठावरून वाहत गटारात जातं. लीडे पायथ्याच्या हौदावरून घागर आणते, मुलीला पाठीशी बांधून, जिन्याच्या भिंतीला धरून धरून. ट्रेबियाने तिला शपथ घातली आहे, इथल्या पाण्याला शिवायचं नाही. शिसं वितळवायचं म्हटलं तर तेवढा वेळ पाणी थांबवावं लागेल. एपाफ्राने एकदा तसं सुचवलं, ट्रेबियाने त्याची पखाल उचलून त्याच्या हातात दिली, आणि तो निघून गेला.

उन्हाळ्यात मागच्या गल्लीतली एक पोरसवदा बाई खाणावळीत आली, पाच-सहा महिन्यांची पोटुशी. रिकामी घागर तिने ओट्यावर आपटली.

"आमचा हौद आटलाय," ती म्हणाली. "आम्ही मरमर मरतोय आणि तुमच्या इथे कुणी पीत नाही तरी पाणी वाहून चाललंय. देवाची शपथ, लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला? मी मुखियाला घेऊन येते आणि तो नळ तोडायला लावते."

तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं. ट्रेबियाला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यात पाणी आलं. तिने आपले हात ओट्याखाली लपवले. हातांची कातडी फुगून पांढरी पडली होती आणि बोटांना भेगा होत्या.

"पाणी तोडायला लावू नकोस, पोरी," ती म्हणाली. "मी लपवत नाही. मी सांभाळतेय."

"कुणाचं एवढं सांभाळताय? कुणाचं आहे ते पाणी?"

हौदाची धार जरा बारीक झाली होती. टक टक.

"मालकांचं," असं म्हणून ट्रेबिया उठली आणि पेला घेऊन लगबगीने हौदाकडे गेली.